दूरदर्शनचा खर्च कोणी द्यावा? विदर्भाच्या दहा खासदारांना खुले पत्र

नागपूर, रामटेक, वर्धा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ-वाशीम, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या लोकसभा मतदारसंघांच्या सन्माननीय खासदारांस,

सादर नमस्कार.

विषय : सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या खर्चासाठी कायद्याने बांधलेला स्वतंत्र निधी असण्याबाबत.

आपण दहा जण एकाच पक्षाचे नाही आणि या पत्राचा विषयही कोणत्या एका पक्षाचा नाही. दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात माहिती व प्रसारण मंत्रालयाची अनुदानाची मागणी सभागृहापुढे येते. बहुतेक वर्षी तिच्यावर स्वतंत्र चर्चा होत नाही. वेळ संपल्यामुळे इतर अनेक मंत्रालयांच्या मागण्यांबरोबर तीही एकगठ्ठा मताला टाकली जाते आणि मंजूर होते. तिच्यात प्रसार भारतीचे, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणीचे, अनुदान असते आणि ते गेल्या काही वर्षांत साधारण अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात राहिले आहे. या पैशाचा आकडा कोण ठरवतो, कोणत्या हिशेबाने ठरवतो आणि पुढच्या वर्षी तो तेवढाच राहील याची हमी कोणाची, हे आपल्यापैकी कोणीतरी सभागृहात उभे राहून विचारावे, अशी माझी विनंती आहे. माझ्या मते सार्वजनिक दूरचित्रवाणी दरसालच्या सरकारी मर्जीवर चालू नये आणि वाहिन्यांना जागा भाड्याने देऊन मिळणाऱ्या पैशावरही चालू नये. प्रसारणाच्या धंद्यातून कमावणाऱ्यांकडून घेतलेल्या, पाच वर्षांसाठी ठरवून दिलेल्या आणि कोणाला हात लावता येणार नाही अशा निधीवर ती चालावी.

मी पांढरकवडा भागात टीव्ही दुरुस्तीचे आणि छत्र्या बसवण्याचे काम करतो, त्यामुळे हा विषय माझ्याकडे कागदावरून आलेला नाही. कवेलूच्या घरावर छत्री नीट बसत नाही, म्हणून आम्ही अंगणात लोखंडी पाइप गाडतो आणि त्यावर ती कसतो. फ्री डिशचे, म्हणजे दूरदर्शनच्या महिन्याचे पैसे न लागणाऱ्या छत्री-सेवेचे, प्रक्षेपण ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून होते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला पडतो, म्हणून गावात कोणाच्या अंगणात फ्री डिश आहे हे छत्रीच्या तोंडावरून दुरूनच ओळखता येते. पावसाळ्यात अंगणातल्या कडुनिंबाच्या फांद्या वाढल्या की चित्र अडखळू लागते आणि बिघाड बॉक्समध्ये नसून झाडात आहे, हे कास्तकाराला पटवून देणे हा आमच्या कामाचा एक भागच झाला आहे.

या कामात एक गोष्ट दरवर्षी दिसते. ज्यांच्याकडे महिन्याचे पैसे भरून चालणारी खासगी डीटीएचची छत्री आहे, ते दिवाळीनंतर कापूस विकला गेला की रिचार्ज करतात. हाती पैसा असेतो टीव्ही चालतो. उन्हाळा सरत येतो, बियाण्याची आणि खताची सोय करायची असते, तेव्हा घरातला जो पहिला खर्च थांबतो तो टीव्हीचा. म्हणजे कोणते बियाणे घ्यावे, पाऊस कधी, पेरणीची घाई करावी की थांबावे, ही माहिती ज्या आठवड्यांत सर्वांत जास्त लागते, नेमका त्याच आठवड्यांत पैशाचा टीव्ही बंद पडतो. त्या दिवसांत चालू राहतो तो फक्त फ्री डिशचा टीव्ही. एकदा दीड-दोन हजार रुपये खर्च केले की त्याला महिन्याचे काही लागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा आज देशातील चार कोटींहून अधिक घरांत असल्याचे अंदाज आहेत. माझ्या मते दूरदर्शनने गेल्या पंचवीस वर्षांत केलेले हे सर्वांत मोलाचे काम आहे.

पण ती फुकट नाही. पाहणारा पैसे देत नाही, याचा अर्थ दुसरे कोणीतरी देते. फ्री डिशवरच्या मर्यादित जागांचा ई-लिलाव होतो, खासगी वाहिन्या बोली लावून त्या घेतात आणि तो पैसा प्रसार भारतीकडे जातो. आता बोली लावणाऱ्याने काय दाखवावे, हे त्याच्या जाहिरातदाराने ठरवायचे. त्यामुळे फ्री डिशच्या बॉक्सवर आकडे फिरवत गेलात तर हिंदी आणि भोजपुरी चित्रपट, जुन्या मालिका आणि आवाज चढवून बोलणाऱ्या बातम्या यांची रांग लागते. मराठी वाहिन्या थोड्या आणि शेतीचे, आरोग्याचे किंवा गावकारभाराचे काही पाहायचे असेल तर पुन्हा दूरदर्शनच्याच एक-दोन वाहिन्यांवर यावे लागते. लोक चित्रपट पाहतात यात माझी काही तक्रार नाही, दिवसभर वावरात राबून आलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे. तक्रार एवढीच आहे की सार्वजनिक सेवेचे पोट भरण्यासाठी सार्वजनिक सेवेचीच जागा विकावी लागते, आणि ती जितकी जास्त विकावी तितके उत्पन्न वाढते.

शिवाय हे उत्पन्न भरवशाचे नाही. मार्च २०१९ मध्ये मोठ्या खासगी समूहांनी आपल्या लोकप्रिय मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या बहुतेक परत आणल्या. कारण दोन्ही वेळा धंद्याचे होते. त्या दिवसांत माणसे बॉक्स पिशवीत घालून दुकानात आणत आणि ‘छत्री बिघडली’ म्हणून दुरुस्तीला ठेवत. बॉक्स धडधाकट होते. बिघाड मुंबई-दिल्लीतल्या हिशेबात होता आणि तो मला दुरुस्त करता येण्यासारखा नव्हता.

जाहिरातीवर सोडलेल्या दूरचित्रवाणीचे खरे नुकसान कोठे होते, हे सांगण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली जे पाहिले त्याहून वेगळे उदाहरण मला द्यावेसे वाटत नाही. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंदट, अंगात साधा सदरा, तोंडाला रुमाल, पाठीवर पंप आणि टाकीत दोन-तीन औषधांचे एकत्र केलेले मिश्रण. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, मिश्रण करू नये, हातमोजे आणि चष्मा वापरावा, उपाशीपोटी फवारणीला जाऊ नये, मळमळ सुरू झाल्यास औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा, ही सगळी माहिती कृषी विभागाकडे होती, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे होती, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडेही होती. डब्यावर चिकटवलेल्या पत्रकातही ती बारीक अक्षरांत होती. पण जो मजूर पत्रक वाचू शकत नाही, त्याच्यापर्यंत ती रोज संध्याकाळी, त्याच्या बोलीत आणि त्याला दिसेल अशा रीतीने पोहोचवण्याचे काम कोणाचे होते?

या माहितीला जाहिरातदार मिळत नाही. शेतीच्या कार्यक्रमाला जाहिरात देईल तो बियाण्याचा किंवा कीटकनाशकाचा विक्रेता. ‘कमी फवारा, मिश्रण टाळा, गरज नसेल तर फवारूच नका’ असे सांगणारा कार्यक्रम तो कशाला पोसेल? त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली आणि कामगंध सापळे (अळीचे पतंग वासाने ओढून पकडणारे) कसे लावावेत, फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेले पीक) घेऊ नये, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) शेतात का ठेवू नये, हे सांगण्याची गरज पुढची कित्येक वर्षे राहिली. कपाशीची फरदड घेऊ नये हे सांगून कोणाचाच माल खपत नाही. म्हणून हे सांगणारा माणूस जाहिरातीबाहेरच्या पैशावर उभा असावा लागतो. प्रसार भारती अधिनियमाच्या कलम १२ ने शिक्षण, शेती, ग्रामीण विकास, पर्यावरण आणि आरोग्य यांकडे विशेष लक्ष देण्याचे कर्तव्य सांगितले आहे ते याचसाठी. कर्तव्य कायद्यात लिहिले गेले, त्याचा पैसा मात्र लिहिला गेला नाही.

पैशाबद्दल काय लिहिले आहे तेही पाहण्यासारखे आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे केंद्र सरकार संसदेच्या मंजुरीनंतर प्रसार भारतीला दरवर्षी दोन प्रकारची रक्कम देऊ शकते : एक म्हणजे रेडिओ-टीव्ही संचाच्या परवाना शुल्काची वसुली, ‘असल्यास’, आणि दुसरी म्हणजे सरकारला आवश्यक वाटेल ती. ज्यांचे वय साठच्या पुढे आहे त्यांना परवान्याचे ते पुस्तक आठवत असेल. डाकघरात जाऊन रेडिओसाठी वर्षाला पंधरा आणि टीव्हीसाठी पन्नास रुपये भरायचे आणि तिकिटे चिकटवून शिक्का मारून आणायचा. ही पद्धत १९८५ च्या सुमारास बंद झाली. कायदा झाला १९९० साली आणि प्रत्यक्ष लागू झाला १९९७ साली. म्हणजे या कलमात जे एक स्वतंत्र साधन नोंदवले, ते कायदा होण्याआधीच संपलेले होते. उरले ते ‘सरकारला आवश्यक वाटेल ते’. बी. जी. वर्गीस यांच्या समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनसाठी स्वायत्त न्यासाची कल्पना मांडली, तेव्हापासून देशात प्रसारणाच्या स्वायत्ततेची चर्चा चालू आहे. पण ज्याच्याकडून दरवर्षी पगाराचे पैसे घ्यायचे, त्याच्यापासून स्वायत्त राहायचे ते कसे, या साध्या प्रश्नाला कोणत्याही सरकारने हात घातला नाही. मी ‘कोणत्याही’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो. विरोधात असताना प्रत्येकाला दूरदर्शन सरकारचे भाट वाटते आणि सत्तेत आल्यावर तेच योग्य वाटू लागते.

इतर देशांनी काय केले हे थोडक्यात सांगतो, कारण तिकडचे सगळे जसेच्या तसे इकडे आणावे असे मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येक घराला परवाना शुल्क द्यावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झाले आणि न भरणे हा गुन्हा आहे. बीबीसीची सध्याची सनद २०२७ च्या अखेरीस संपते, त्यामुळे ही पद्धत ठेवावी की बदलावी यावर तिकडे वाद चालू आहे. फ्रान्सने २०२२ मध्ये हे शुल्क रद्द केले. फिनलंडने २०१३ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात वेगळा कर बसवला, ज्यात कमी उत्पन्नाचा माणूस वगळला जातो. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर तिथल्या संसदेने जुलै २०२५ मध्ये एका कायद्यासरशी परत घेतले आणि ते वाटणाऱ्या महामंडळाला आपले काम आवरते घ्यावे लागले. वार्षिक मर्जीवर चालणाऱ्या व्यवस्थेचे काय होऊ शकते, ते यावरून दिसते.

मला घ्यावेसे वाटते ते जर्मनीकडून. तिथे दर घराला महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात. ती रक्कम आपल्याला झेपणारी नाही आणि माझा मुद्दा रकमेचा नाहीही. तिथे किती पैसे लागतात याची शिफारस सरकार करत नाही, एक स्वतंत्र आयोग करतो. २०२० च्या अखेरीस एका राज्याने ठरलेली वाढ अडवली, तेव्हा प्रकरण घटना न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने वाढ लागू केली. प्रसारणाला पुरेसा पैसा मिळणे हा प्रसारणस्वातंत्र्याचाच भाग आहे, ही त्यामागची भूमिका. आपल्याकडे अशा आयोगाची कल्पना परकी नाही. केंद्र आणि राज्यांमध्ये पैसा कसा वाटायचा हे पाच-पाच वर्षांसाठी सुचवणारा वित्त आयोग आपण घटनेतच ठेवला आहे. (आपल्या अनुदानाचा हिशेब मांडला तर तो माणशी वर्षाला अठरा रुपयांच्या आसपास भरतो. जर्मन घर महिन्याला अठरा युरो देते. योगायोग केवळ आकड्याचा आहे.)

पैसा कोणाकडून घ्यायचा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. टीव्ही असलेल्या प्रत्येक घरावर पुन्हा परवाना शुल्क बसवावे असे मी म्हणणार नाही. ज्या कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या पाड्यावर) सगळ्या वस्तीत मिळून दोन टीव्ही आहेत, तिथे वसुलीला माणूस पाठवणे खर्चाचेही नाही आणि न्यायाचेही नाही. ग्रामपंचायत आपल्याकडून घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर घेते. खांबावरचा दिवा कोणाच्या दारासमोर आहे हे पाहून तो घेत नाहीत, कारण रस्त्यावरच्या उजेडाचा उपयोग सगळ्यांना आहे आणि तो एकेकाला मोजून विकता येत नाही. सार्वजनिक प्रसारणाचेही तसेच आहे. तरी दिवाबत्ती करातसुद्धा घराच्या ऐपतीचा विचार असतो, आणि तोच विचार इथे पुढे न्यायला हवा.

महाराष्ट्राला याचा स्वतःचा अनुभव आहे. वि. स. पागे यांनी पुरस्कार केलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली. ती चालवण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला, पुढे तिचा कायदा झाला आणि स्वतंत्र निधी उभा राहिला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा आपल्या भागातल्या बांधबंदिस्तीवर आणि रस्त्याच्या खडीवर खर्च झाला, आणि ‘माझा पैसा तिकडे का’ म्हणून मुंबई बंद पडली नाही. त्याच धर्तीवर प्रसारणाचा निधी उभा करता येईल.

त्याची पहिली ओंजळ तर आजच सरकारच्या हातात आहे. डीटीएच कंपन्या आपल्या उत्पन्नाचा ठरावीक टक्के वाटा परवाना शुल्क म्हणून देतात. तो देशाच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून तो कशावर खर्च झाला हे सांगता येत नाही. तो सार्वजनिक प्रसारणासाठी राखून ठेवता येईल. दुसरा भाग केबल, खासगी वाहिन्या आणि मोबाइलवर मालिका-सामने दाखवणाऱ्या ओटीटी मंचांच्या उत्पन्नावर लहानसा अधिभार बसवून मिळेल. पैसे भरून पाहणाऱ्या दहा कोटी जोडण्या धरल्या आणि एका जोडणीमागे महिन्याला पाच रुपये धरले, तरी वर्षाला सहाशे कोटी होतात. तिसरा भाग परदेशी मंचांवर जाणाऱ्या जाहिरातींचा. त्या जाहिरातींवर २०१६ पासून सहा टक्के समकारी शुल्क होते आणि ते एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. म्हणजे मोजण्याची आणि वसुलीची यंत्रणा उभी होती, चालू होती. प्रसारण ज्यांवरून होते त्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले. मुख्य निकालपत्राचे लेखक न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सार्वजनिक मालमत्तेवर जो धंदा करतो त्याने तिच्या सार्वजनिक वापराचा खर्च उचलावा, यात मला काही जगावेगळे दिसत नाही. फ्री डिशच्या घरावर मात्र एक पैसाही बसवू नये.

या सूचनेवर आक्षेप येतील आणि त्यांतले काही योग्यच आहेत. कंपन्या हा अधिभार ग्राहकाच्या बिलात टाकतील, हे उघड आहे. त्या बिलावर आधीच अठरा टक्के जीएसटी लागतो. पण जो महिन्याला काही शे रुपये भरतो त्याच्यावरचे पाच रुपये आणि जो काहीच भरू शकत नाही त्याच्या टीव्हीवर काय दिसते, या दोहोंत मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वतंत्र निधी म्हणून गोळा केलेला पैसा त्या कामावर खर्च होत नाही. ग्रामीण दूरसंचारासाठी मोबाइल कंपन्यांकडून २००२ पासून घेतला जाणारा सार्वत्रिक सेवा निधी, ज्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात, त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षे पडून राहिला, आणि इकडे आपल्या टिपेश्वराच्या जंगलाकाठच्या गावांत लोक रेंज शोधत टेकडीवर चढत राहिले. रोजगार हमीच्या निधीतही पैसा साचून राहिल्याची टीका झाली होती. म्हणून जमा झालेली रक्कम एकत्रित निधीत न अडकता थेट प्रसारण निधीत जाईल आणि वर्षाअखेरी किती उरली हे संसदेपुढे ठेवावेच लागेल, अशी तरतूद कायद्यातच हवी.

खर्चाबद्दल एकच आग्रह आहे. निधीचा ठरावीक हिस्सा प्रादेशिक केंद्रांसाठी बांधून द्यावा आणि त्यात नागपूर केंद्राचा वाटा वेगळा दिसावा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी आणि आकांक्षित (विकासात मागे राहिलेले म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक सेट टॉप बॉक्स वाटण्याचाही तिच्यात समावेश होता. गडचिरोली हा आकांक्षित जिल्हा आहे. बॉक्स आला ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या बॉक्समधून गोंडी, माडिया किंवा कोलामी किती वेळ ऐकू येते, हा प्रश्न यंत्रसामग्रीच्या योजनेने सुटत नाही. त्यासाठी तालुक्या-तालुक्यात फिरणारा, बोली जाणणारा आणि वेळेवर मानधन मिळणारा वार्ताहर लागतो. मे २०२४ मध्ये डीडी किसानवर पन्नास भाषांत बोलू शकणारे दोन कृत्रिम निवेदक आणले गेले. तंत्र म्हणून कौतुक आहे. बोंडाला पडलेले भोक कोणत्या अळीचे, हे सांगायला मात्र अजून माणूसच वावरात जावा लागतो.

असा माणूस आणि असा कार्यक्रम असला तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही बापाबरोबर वावरात, त्या घरातली मुले टीव्हीपुढे बसली. त्या दिवसांत दुकानात जुने टीव्ही दुरुस्तीला येऊ लागले, तेही मालिका पाहण्यासाठी नव्हे. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीची गावे पाण्यात गेली. गोसीखुर्द धरणाचे किती दरवाजे उघडले, पाणी ब्रह्मपुरीच्या गावांपर्यंत केव्हा पोहोचेल, ही बातमी राज्याच्या राजधानीतून चालणाऱ्या वाहिनीला दुय्यम असते. ती पहिली बातमी असेल अशी जागा आपल्या भागातच असावी लागते आणि ती पुराच्या दिवशी उभी करता येत नाही, वर्षभर पोसावी लागते.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड मुद्दा. निधी दिला आणि दूरदर्शन आहे तसेच राहिले, तर लोकांच्या खिशातून सरकारी प्रचाराला कायमची सोय करून दिल्यासारखे होईल. तसे होणार असेल तर माझा या निधीला विरोध राहील. आजचे अनुदान परवडले, ते निदान दरवर्षी संसदेपुढे येते तरी. निधी आणि जबाबदारी एकाच कायद्यातून, एकाच दिवशी यायला हवी. त्यासाठी नवे काही शोधावे लागणार नाही. प्रसार भारती अधिनियमाच्या कलम १३ मध्ये २२ खासदारांची समिती सांगितली आहे, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडलेले, म्हणजे विरोधकांनाही जागा मिळणारे. कलम १४ मध्ये लोकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आहे. कायदा लागू होऊन पाव शतकाहून अधिक काळ गेला, पण ही समिती कागदावरच आहे. ती नेमायला पैसा लागत नाही आणि घटनादुरुस्तीही लागत नाही.

तेव्हा आपणा दहा जणांकडे मागणे आहे ते असे. येत्या अधिवेशनात कलम १३ ची समिती कधी नेमणार, असा तारांकित प्रश्न आपल्यापैकी कोणीही विचारावा. शक्य असल्यास वेगवेगळ्या पक्षांच्या दोघा-तिघांनी मिळून विचारावा, म्हणजे तो टोमणा ठरणार नाही. त्याच प्रश्नात फ्री डिशच्या जागांच्या लिलावातून गेल्या पाच वर्षांत किती मिळाले आणि त्यातले नागपूर केंद्राच्या कार्यक्रमांवर किती खर्च झाले, हेही विचारावे. कलम १७ मधला ‘असल्यास’ हा शब्द काढून त्या जागी निधीचे साधन आणि पाच वर्षांच्या आयोगाची तरतूद घालणारे खासगी सदस्याचे विधेयक मांडता येईल. अशी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी विधेयक चर्चेला आले तर मंत्र्यांना त्यावर सभागृहात भूमिका घ्यावी लागते. आणि मंत्रालयाच्या मागणीवर चर्चेची पाळी आलीच, तर फवारणीचा हंगाम जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो हे लक्षात ठेवून त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी सात वाजता सह्याद्रीवर दहा मिनिटे वऱ्हाडी, गोंडी आणि कोलामीत सुरक्षित फवारणी दाखवायला किती खर्च येईल, तेवढा एक आकडा मंत्र्यांकडून काढून घ्यावा.

संसदेतल्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते आणि लोकसभेच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येते. आपल्यापैकी ज्यांच्या प्रश्नाला उत्तर येईल, ते त्यांच्या नावासह मराठीत करून मी माझ्या दुकानाच्या फळीवर लावीन. पेरणीच्या दिवसांत तिथे माणसांची वर्दळ बरीच असते.

आपला नम्र,
एक टीव्ही-छत्री दुरुस्ती व्यावसायिक
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ